आधी रूळ, मग गाव: उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर रेल्वेने शेतवस्ती कशी आखली

नेब्रास्का, नॉर्थ डकोटा किंवा कॅनडातला सस्कॅचेवान प्रांत नकाशावर मोठा करून बघितला, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. गावं एका ओळीत आहेत आणि दोन गावांमधलं अंतर जवळपास सारखं आहे: आठ मैल, दहा मैल, पुन्हा आठ मैल. नदीकाठ, देवस्थान, घाटवाट किंवा जुना बाजार यांच्या आधाराने वाढलेली गावं इतकी शिस्तीत उभी राहत नाहीत. ही गावं रेल्वे कंपन्यांनी बसवली, आणि त्यातल्या कितीतरी गावांचा नकाशा छापून झाला तेव्हा जागेवर एकही घर नव्हतं.

प्रेअरी म्हणजे गवताचा सपाट मुलूख. इलिनॉयपासून पश्चिमेला कॅन्सस-नेब्रास्कापर्यंत आणि उत्तरेला मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टापर्यंत तो पसरलेला आहे. माती बहुतेक ठिकाणी काळी, सकस. पण घर बांधायला लाकूड नाही, जळण नाही आणि माल वाहून नेता येईल अशा नद्याही मोजक्याच. १८५० च्या आसपास इथे गहू पिकवणं शक्य होतं, तो विकणं मात्र जवळपास अशक्य होतं.

हे गणित एकदा मांडून बघू. गव्हाचा एक बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७ किलोंच्या थोडा वर. दोन घोड्यांच्या गाडीत साधारण ५० ते ६० बुशेल मावत, म्हणजे एका खेपेला दीड टन. एखाद्याने १०० एकर गहू केला आणि एकरी १५ बुशेल, म्हणजे एकरी चार क्विंटल उतारा आला, तर १५०० बुशेल हाताशी येतात. त्यासाठी २७-२८ खेपा लागतात. स्टेशन १० मैलांच्या आत असेल तर पहाटे निघून रात्री घरी परतता येतं, आणि महिनाभरात माल निघतो. तेच स्टेशन ३० मैलांवर असेल तर एका खेपेला तीन दिवस. मग एवढ्याच गव्हाला ऐंशी दिवस लागतात. मळणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतं. बर्फावरून घसरगाडीने धान्य नेणारेही होते, पण उणे तीस अंशांत तीन दिवस घोडे बाहेर काढायचे तर त्यांचा दाणा आणि वाटेतला मुक्काम यातच भाव संपायचा.

म्हणून रुळांपासून दहा-बारा मैलांचा पट्टा म्हणजे बाजारासाठी शेती करता येईल असा पट्टा. त्याच्या पलीकडे जनावरं पाळायची (ती स्वतःच्या पायांनी बाजारात जातात) किंवा रेल्वेचा फाटा (मुख्य मार्गाला फुटलेली शाखा) येण्याची वाट बघायची. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

जमिनीचा पट

अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने मोजणीची पद्धत ठरली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्याचे ३६ तुकडे. प्रत्येक तुकडा, म्हणजे सेक्शन, एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. सेक्शनचा चतकोर १६० एकरांचा. कॅनडाने १८७० नंतर जवळपास हीच पद्धत उचलली. फरक इतकाच, की तिथे सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यापासून सुरू होतात आणि अमेरिकेत ईशान्य कोपऱ्यापासून.

सरकारकडे जमीन अफाट होती, पैसा नव्हता. तेव्हा रेल्वेला जमीनच द्यायची, असा मार्ग निघाला. पहिला मोठा प्रयोग १८५० सालचा, इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा. मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा मैलांपर्यंत एक सोडून एक सेक्शन, एकूण सुमारे २६ लाख एकर. बुद्धिबळाच्या पटावरची काळी घरं कंपनीची, पांढरी सरकारची. सरकारने आपल्या घरांचा भाव एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर केला. अर्धी जमीन फुकट दिली आणि उरलेली दुप्पट भावाने विकली, म्हणजे तिजोरीला तोटा नाही, असा हिशेब. कागदावर तो अगदी चोख होता.

मग आकडे फुगत गेले. युनियन पॅसिफिकला १८६२ मध्ये दर मैलाला दहा सेक्शन मिळाली, १८६४ मध्ये वीस. नॉर्दर्न पॅसिफिकला १८६४ च्या सनदेने राज्यांत वीस आणि ज्या प्रदेशांना अजून राज्याचा दर्जा नव्हता तिथे चाळीस. चाळीस सेक्शन म्हणजे २५,६०० एकर, आणि तेही एक मैल रूळ टाकल्याबद्दल. कॅनेडियन पॅसिफिकला १८८१ मध्ये अडीच कोटी डॉलर रोख, अडीच कोटी एकर जमीन आणि वर वीस वर्षांची मक्तेदारी मिळाली: तिच्या मार्गाच्या दक्षिणेला दुसऱ्या कुणी अमेरिकेच्या सीमेकडे रूळ न्यायचे नाहीत.

याच काळात वस्तीसाठी मोफत जमिनीचे कायदे आले. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत. अट पाच वर्षं राहण्याची आणि कसण्याची. कॅनडात १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर, अट तीन वर्षांची. लोकांना वाटतं, जमीन फुकट होती म्हणून वस्ती झाली. पण फुकटची जमीन आणि रेल्वेची जमीन एकाच पटावर शेजारी शेजारी होती, आणि खरी अडचण तिथेच होती.

पहिली अडचण क्षेत्राची. अमेरिकेत रेल्वेच्या पट्ट्यातल्या सरकारी सेक्शनवर १८७९ पर्यंत साधारण ८० एकरच मिळत. १६० हवे असतील तर रुळांपासून लांब जा. म्हणजे ज्या दहा-बारा मैलांत शेती परवडते, तिथे मोफत जमीन निम्मी.

दुसरी अडचण कराची. कंपनी आपल्या वाट्याच्या जमिनीची मालकी अधिकृतपणे नावावर करून घ्यायला मुद्दाम उशीर लावी, कारण नावावर झाली की स्थानिक कर लागू. कॅनेडियन पॅसिफिकच्या जमिनीला तर करारातच वीस वर्षं करमाफी होती. शाळेचा आणि रस्त्याचा खर्च मात्र गावाचाच. एक सोडून एक सेक्शन कर भरत नसेल, तर तो बोजा उरलेल्या शेतकऱ्यांवर पडतो.

तिसरी अडचण एकटेपणाची. कॅनडाच्या टाउनशिपमध्ये सम आकड्यांची १८ सेक्शन मोफत वस्तीची. त्यातली दोन (आठवं पूर्ण आणि सव्विसावं बहुतांश) हडसन्स बे या जुन्या फर-व्यापारी कंपनीची. उरली १६, म्हणजे जेमतेम ६४ कुटुंबं, ३६ चौरस मैलांत. विषम सेक्शनांपैकी दोन शाळांसाठी राखीव, बाकी रेल्वेची, आणि भाव चढेपर्यंत ती ओसच. पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा काढायची तर मुलं पुरेशी नाहीत. कॅनडाने विषम सेक्शन वस्तीसाठी खुली केली ती १९०८ मध्ये.

मॅनिटोबात आलेल्या मेनोनाइट (शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) लोकांनी ही चौकट सरळ नाकारली. त्यांना रशियातल्यासारखं रांगेतल्या घरांचं गाव आणि भोवती वाटून घेतलेली शेतं हवी होती. सरकारने कायद्यात खास तरतूद करून, स्वतःच्या तुकड्यावर न राहता गावात राहायची मुभा त्यांना दिली. बाकीच्यांना आपापल्या चतकोरावरच राहावं लागलं. प्रेअरीवर आपल्यासारखी दाट गावठाणं दिसत नाहीत, याचं मूळ कारण हे.

आणि हा पट कोऱ्या जमिनीवर काढला नव्हता. १८७२ मध्ये सँटा फे रेल्वे कॅन्ससमधल्या डॉज सिटीला पोचली आणि तिथून बायसनची कातडी डबेच्या डबे भरून पूर्वेला जाऊ लागली. दहा-बारा वर्षांत मैदानातले कळप जवळपास संपले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जमातींचा आधार गेला. कॅनडात मार्ग दक्षिणेकडून न्यायचं ठरल्यावर सायप्रेस हिल्स भागातल्या क्री आणि इतर मूळनिवासी लोकांना तिथून हलवण्यासाठी सरकारने १८८२-८३ मध्ये शिधा रोखला. उपासमारीने त्यांना उत्तरेच्या राखीव जागांवर जावं लागलं. ‘रेल्वेने ओसाड जमीन वसवली’ हे वाक्य जुन्या पुस्तकांत सतत येतं. जमीन ओसाड नव्हती, ती रिकामी करवून घेतली गेली.

जमीन विकायची, पण नफा भाड्यात

कंपन्या जमिनीवर श्रीमंत झाल्या, हा समज अर्धाच खरा. जमीन एकदाच विकता येते. पण १०० एकर गव्हाचं एक शेत दर वर्षी ४० टन धान्य बाहेर पाठवतं, आणि आत मागवतं लाकूड, कोळसा, काटेरी तार, नांगर, कापड, साखर. म्हणून कसणारा माणूस कंपनीला हवा होता, नुसता खरीददार नको होता. कॅनेडियन पॅसिफिकने सुरुवातीला जमीन एकरी अडीच डॉलरला काढली आणि ठरल्या मुदतीत लागवड करणाऱ्याला त्यातले सव्वा डॉलर परत द्यायचं कबूल केलं. नेब्रास्कातल्या बर्लिंग्टन रेल्वेच्या १८७२ च्या जाहिरातीवर दहा वर्षांची उधारी आणि सहा टक्के व्याज असं ठळक छापलं होतं. त्या मुलखात सावकाराचा दर याहून कितीतरी जास्त असे.

सँटा फे कंपनीचे दलाल थेट रशियापर्यंत गेले. तिथल्या जर्मनभाषक मेनोनाइट शेतकऱ्यांची लष्करी सेवेतून मिळालेली सूट जाणार होती. १८७४ पासून त्यांचे जथे कॅन्ससमध्ये येऊ लागले. कंपनीने त्यांना उतरायला मोठाल्या पडव्या बांधून दिल्या, सामान वाहून दिलं. त्यांनी सोबत टर्की रेड हा कडक दाण्याचा गहू आणला. तो शरदात पेरायचा, हिवाळा जमिनीत काढायचा आणि जूनच्या शेवटी, उन्हाळ्याची होरपळ सुरू होण्याआधी कापायचा. कॅन्ससला तो इतका मानवला, की पुढे राज्याचं मुख्य पीकच झाला. मात्र दगडी जात्यावर त्याचं पीठ नीट निघेना; पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या तेव्हाच त्याला चांगला भाव मिळाला.

नव्याने येणाऱ्या कुटुंबासाठी रेल्वेची खास सोय होती: एक अख्खी वाघीण (मालगाडीचा डबा) ठरावीक कमी भाड्याने. तिच्या एका टोकाला घोडे आणि गाय, दुसऱ्या टोकाला नांगर, बियाणं, चूल, खिडक्या-दारं, फळ्या, कोंबड्यांचे खुराडे. जनावरांना चारा-पाणी करायला एक माणूस त्याच डब्यात मोफत. बाकीचं कुटुंब वसाहतवाल्यांच्या डब्यात: पट्ट्यापट्ट्यांची लाकडी बाकं, रात्री ती ओढून जोडली की पलंग, टोकाला एक सामायिक शेगडी. अंथरूण आणि शिधा आपापला.

नॉर्दर्न पॅसिफिकची कहाणी उलट्या दिशेने गेली. तिचे रोखे विकणारी जे कुक यांची पेढी सप्टेंबर १८७३ मध्ये बुडाली. रोख्यांचा भाव कोसळला, पण कंपनीची जमीन घ्यायला तेच रोखे दर्शनी किमतीला चालत. ज्यांच्याकडे रोखे होते त्यांनी बुडालेल्या कागदाच्या बदल्यात रेड नदीच्या खोऱ्यात हजारो एकर उचलले, आणि ऑलिव्हर डॅलरिम्पलसारखे व्यवस्थापक नेमून प्रचंड गहूशेती उभी केली. पन्नास-पन्नास नांगर एका ओळीत, हंगामी मजुरांच्या फौजा. कंपनीने याची भरपूर जाहिरात केली. तो भाग एका झटक्यात भरला. पण त्या शेतांवर गावं नव्हती, मजूर हंगाम संपला की निघून जात. गव्हाचे भाव पडले आणि जमिनीचे चढले तेव्हा मालकांनी ती कुटुंबांना तुकड्यांनी विकून टाकली.

स्टेशन कुठे, गाव कुठे

वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, म्हणून काही अंतराने टाक्या. साधारण १०० ते १३० मैलांवर इंजिन आणि कर्मचारी बदलत. तिथे कार्यशाळा, इंजिनघर, कोळशाचे ढीग आणि शे-दोनशे कायम पगारी माणसं. असं ठाणं मिळालेलं गाव हमखास मोठं झालं: ब्रँडन, मूस जॉ, स्विफ्ट करंट, मेडिसिन हॅट ही सगळी कॅनेडियन पॅसिफिकची ठाणी. मधली बारीक गावं मात्र घोडागाडीच्या हिशेबाने आखली. स्टेशनं आठ-दहा मैलांवर ठेवली, की रुळांलगतच्या कुणालाही चार-पाच मैलांहून जास्त जावं लागत नाही, आणि बाजूला दहा-बारा मैलांपर्यंतचं शेत त्या स्टेशनच्या ताब्यात येतं. अंतर जास्त ठेवलं तर धान्य दुसऱ्या कंपनीच्या रुळांकडे जाईल, कमी ठेवलं तर दोन्ही गावं कुपोषित.

नावं ठेवण्यातही वेळ घालवला नाही. नेब्रास्कात बर्लिंग्टनने इंग्रजी वर्णमाला धरली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनसॉ, लोवेल. ग्रँड ट्रंक पॅसिफिकने सस्कॅचेवानात तेच केलं: फेनवुड, गुडईव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर, आणि शेवटी यंग, झेल्मा. नॉर्थ डकोटातल्या एका गावाचं नाव नॉर्दर्न पॅसिफिकने १८७३ मध्ये बिस्मार्क ठेवलं, ते जर्मन भांडवल यावं म्हणून. आज ते राज्याची राजधानी आहे.

गावाचा नकाशा ठरलेलाच. आधीच्या गावांत रुळांच्या दोन्ही बाजूंना दुकानं असत. गाडी उभी राहिली की गाव दोन तुकड्यांत. नंतर इंग्रजी टी अक्षराचा आराखडा रूढ झाला. आडवी रेघ म्हणजे रूळ, उभी रेघ म्हणजे मुख्य रस्ता. रस्त्याच्या तोंडाशी स्टेशन, रुळांच्या कडेने धान्याची कोठारं, लाकडाची वखार, कोळशाची वखार. मुख्य रस्त्यावर दुकानांसाठी अरुंद, बहुधा २५ फूट रुंदीचे गाळे, मागे घरांसाठी रुंद भूखंड. पहिला लिलाव रूळ पोचण्याच्या सुमारास व्हायचा. कोपऱ्यावरचे गाळे बँक आणि हॉटेलवाले घेत आणि सगळ्यात महाग तेच जात.

आधीपासून असलेल्या वस्तीचं काय? रूळ तिच्यातून गेलेच असं नाही. मॅनिटोबात ग्रँड व्हॅली इथल्या जमीनमालकांनी जास्त भाव मागितला, तेव्हा कॅनेडियन पॅसिफिकचे मुख्य अभियंता जनरल रॉसर यांनी १८८१ मध्ये स्टेशन दोनेक मैल पश्चिमेला नेलं. तिथे ब्रँडन झालं. ग्रँड व्हॅली संपलं. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांची राजधानी बॅटलफर्डला होती. मार्ग दक्षिणेकडून गेल्यावर १८८३ मध्ये ती रेजायनाला हलली. तिथले राज्यपाल एडगर ड्यूडनी यांची स्वतःची जमीन जवळच होती, पण कंपनीने स्टेशन तिच्यापासून बाजूला ठेवलं. जमिनीचा चढा भाव दुसऱ्याच्या खिशात जाऊ द्यायचा नाही, हा कंपनीचा पक्का नियम. रूळ चार-पाच मैलांवरून गेलेली छोटी गावं सरळ उठून रुळांवर गेली. घरं लाकडी, पाया उथळ. हिवाळ्यात खाली जाड ओंडके सरकवायचे, पुढे घोड्यांच्या जोड्या जुंपायच्या आणि दुकान, बँक, चर्च बर्फावरून ओढत न्यायचं.

कोठारावर कुणाचा ताबा

रेल्वेने गाव बसवलं तरी गावाची सत्ता धान्याच्या कोठारात, म्हणजे एलिव्हेटरमध्ये होती. शेतकरी आणि रेल्वे यांच्यातली बहुतेक भांडणं इथेच झाली, म्हणून त्याची रचना समजून घ्यावी.

गाडी उतारावरून वर चढून छपराखाली येते आणि काट्यावर उभी राहते. वजन झालं की तिचा पुढचा भाग उचलतात. धान्य मागून खालच्या खड्ड्यात पडतं. खड्ड्यातून धातूचे पेले लावलेला न संपणारा पट्टा ते वर, कोठाराच्या माथ्यावर नेतो. तिथल्या फिरत्या नळीने कोठाराचा एजंट ते हव्या त्या कप्प्यात सोडतो. कप्पे प्रतवारीप्रमाणे वेगळे. वाघीण आली की कप्प्याचं तोंड उघडायचं, धान्य स्वतःच्या वजनाने खाली येतं. फावडं लागत नाही, हे सगळं उंचीचं फळ. भिंती फळ्या उभ्या ठोकून केलेल्या नसत. साध्या जाड फळ्या आडव्या, एकावर एक, खिळ्यांनी जोडलेल्या असत. कारण धान्य पाण्यासारखं बाहेर दाब टाकतं आणि उभ्या फळ्या फुगून फाटतात. ठिणगीने धान्याची धूळ पेटते, म्हणून इंजिन वेगळ्या खोलीत. एका कोठाराची क्षमता २५,००० ते ३५,००० बुशेल.

वाघिणीला मोठं सरकतं दार. आतून आडव्या फळ्या ठोकून ते छातीभर उंच बंद करायचं आणि वरच्या फटीतून धान्य भरायचं. फळी सैल राहिली की शेकडो मैल धान्य सांडत जाई.

आता तक्रारी. काटा एजंटचा. प्रत ठरवणारा तोच. काडीकचरा आणि तणाचं बी म्हणून कडता किती कापायचा, तेही तोच ठरवणार. शिवाय भाव दोन: गाडी-गाडीने आणलेल्या धान्याला एक, आणि पूर्ण वाघीण भरून विकणाऱ्याला दुसरा, जास्तीचा. साधारण १००० बुशेलची वाघीण भरण्याइतका माल एकाच प्रतीचा, एकाच वेळी लहान शेतकऱ्याकडे नसे. तो कमी भावात अडकायचा.

कॅनेडियन पॅसिफिकने १८८० च्या दशकात आणखी एक अट घातली. जी कंपनी स्टेशनवर किमान २५,००० बुशेलचं यांत्रिक कोठार बांधेल, तिच्याशिवाय कुणाला तिथून धान्य भरू द्यायचं नाही. रेल्वेच्या बाजूने कारण पटण्यासारखं होतं. फावड्याने भरताना वाघीण दिवसभर अडकते, एलिव्हेटरमधून थोड्या वेळात भरते. आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात वाघिणींचा दुष्काळ ठरलेला. पण परिणाम असा, की शेतकऱ्याला विकायला एकच दार उरलं.

१९०० च्या मॅनिटोबा ग्रेन कायद्याने शेतकऱ्याला फलाटावरून थेट वाघीण भरायचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी विक्रमी पीक आलं, वाघिणी अपुऱ्या पडल्या, आणि ज्या होत्या त्या एलिव्हेटरवाल्यांना आधी मिळाल्या. डिसेंबर १९०१ मध्ये आजच्या सस्कॅचेवानातल्या इंडियन हेड इथे शेतकऱ्यांनी संघटना काढली, डब्ल्यू. आर. मदरवेल तिचे पुढारी. त्यांनी मोर्चा काढला नाही, दुरुस्ती सुचवली: स्टेशनवर एक वही ठेवा, वाघीण मागणाऱ्याने क्रमाने नाव लिहावं, आणि त्याच क्रमाने वाघीण द्यावी. १९०२ मध्ये ती कायद्यात आली. त्याच हंगामात जवळच्या सिंटालुटा गावच्या रेल्वे स्टेशन एजंटने क्रम मोडला, तेव्हा त्याच्यावर खटला भरला गेला आणि शिक्षा वरच्या न्यायालयातही टिकली. एक साधी वही, पण त्या भागातल्या पुढच्या सगळ्या सहकारी धान्यसंस्थांची सुरुवात तिथून धरावी लागते.

अमेरिकेत लढाई दरांवरून झाली. इलिनॉयने कोठारांचे दर कायद्याने बांधले आणि १८७७ मध्ये मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. स्पर्धा नसलेल्या छोट्या टप्प्याला लांबच्या टप्प्याहून जास्त भाडं, ही कंपन्यांची सवय. तिच्यावर १८८७ च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने बंधन आणलं. नॉर्थ डकोटाने पुढे सरकारी बँक (१९१९) आणि सरकारी गिरणी-कोठार (१९२२) काढलं. दोन्ही अजून चालू आहेत. कॅनडात १८९७ चा क्रोज नेस्ट करार झाला: सरकारने डोंगरातल्या मार्गाला अनुदान द्यायचं, आणि कंपनीने पूर्वेला जाणाऱ्या धान्याचं भाडं १०० पौंडांमागे तीन सेंट कायमचं कमी करायचं.

जिथे हिशेब चुकला

अंतराचा हिशेब बरोबर आला, पावसाचा चुकला. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला सुमारे वीस इंचांहून कमी पाऊस पडतो. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात लिहिलं, की तिथे १६० एकरांचा तुकडा चालणार नाही. पण रेल्वेला सोयीचं होतं ते दुसरं मत: नांगर चालला की पाऊस मागे येतो. कॅनडात जॉन पॅलिसर यांनी १८५७-६० च्या मोहिमेत दक्षिणेचा त्रिकोणी भाग कोरडा ठरवला होता. वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन मॅकून यांनी जास्त पावसाच्या वर्षांत तोच भाग पाहिला आणि सुपीक म्हटलं. कॅनेडियन पॅसिफिक याच त्रिकोणातून गेली. आणि वाट्याची जमीन निवडायची वेळ आली तेव्हा त्यातली बरीच जमीन ‘वस्तीला योग्य नाही’ म्हणून कंपनीनेच नाकारली! करारात तसं कलम होतं. वसाहतवाल्याच्या करारात नव्हतं.

मोंटानात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९०९ मध्ये मोफत जमिनीची मर्यादा ३२० एकर झाली, १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर आली. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने प्रदर्शनाच्या गाड्या फिरवल्या आणि कोरडवाहू शेतीचा प्रचार केला: खोल नांगरा, खालची माती दाबा, वरची भुसभुशीत ठेवा, ओल टिकेल. ओल थोडी टिकते हे खरं. पण वरचा भुसभुशीत थर म्हणजे वाऱ्याला आयतं निमंत्रण. १९१७ पासून पाऊस हटला, युद्धानंतर गव्हाचा भाव कोसळला, आणि हजारो कुटुंबं निघून गेली. १९२० च्या दशकात राज्यातल्या निम्म्याहून अधिक बँका बुडाल्या.

दुसरी चूक गावांच्या संख्येची. १९०५ मध्ये उत्तर नॉर्थ डकोटात सू लाइन आणि ग्रेट नॉर्दर्न या रेल्वे कंपन्या एकमेकींच्या मुलखात घुसल्या आणि थोड्याच काळात पन्नासहून अधिक गावं आखली गेली. प्रत्येकाला बँक, वखार, दोन-तीन कोठारं हवी. पण शेतं तेवढीच. त्यातली कित्येक गावं मोटार येण्याआधीच आजारी होती.

मोटार आल्यावर मूळ आकडाच बदलला. ट्रकला दहा मैल म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. तरीही कॅनडाच्या प्रेअरीवर १९३३ मध्ये ५,७०० हून अधिक कोठारं होती, आणि पुढची साठ वर्षं बरेच फाटे टिकले, कारण क्रोज नेस्टच्या दराने आणि नंतर त्याच्या जागी आलेल्या सरकारी अनुदानाने आडबाजूच्या स्टेशनवरूनही धान्य पाठवणं स्वस्त ठेवलं होतं. ती व्यवस्था १ ऑगस्ट १९९५ ला संपली. कंपन्यांनी शंभर डब्यांची गाडी एका दमात भरतील अशी काँक्रीटची मोजकी कोठारं बांधली, लाकडी पाडली, फाटे उखडले. शेतकरी आता साठ, ऐंशी, शंभर किलोमीटर ट्रक नेतो. भाड्यातला फरक त्याच्या अंगावर आणि रस्त्यांची झीज प्रांताच्या.

स्वतःसाठी वाघीण मागवायचा शेतकऱ्याचा हक्क कॅनडाच्या धान्य कायद्यात आजही आहे. तो वापरायला मात्र जवळ साइडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ) लागतं. नैऋत्य सस्कॅचेवानात शॉनव्हन परिसरातल्या शेतकऱ्यांनी आणि स्थानिक संस्थांनी २००४ मध्ये ग्रेट वेस्टर्न ही छोटी रेल्वे विकत घेतली, ती याच कारणाने.